पहिली पाळी: महाविद्यालयीन सायबरसुरक्षा शिक्षण आणि मनुष्यबळाची गरज

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. बँकांना सुट्टी होती. त्या दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएम यंत्रांमधून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर पैसे निघत राहिले. परदेशात सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले, देशात २,८०० हून अधिक व्यवहारांत अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळते झाले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. हे पैसे प्रत्यक्ष काढणाऱ्या टोळीतल्या ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये शिक्षा सुनावली, पण ती माणसे बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभी राहणारी होती. खरे काम त्याआधीच बँकेच्या यंत्रणेत होऊन गेले होते.

ते काम समजून घेण्यासारखे आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की पैशांची मागणी आधी बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच ती मुख्य बँकिंग प्रणालीकडे पाठवतो. खात्यात शिल्लक आहे का, पिन बरोबर आहे का, हे तिथे तपासले जाते आणि होकार आला तरच नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी या वाटेत आपला एक बनावट स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला काही विचारतच नव्हता, येईल त्या मागणीला स्वतःच होकार देत होता. त्यामुळे ज्या प्रणालीवर सगळ्यांचा डोळा असतो, तिथे सारे शांत होते. गडबड दिसण्याची जागा वेगळी होती. कार्ड कंपनीच्या हिशेबात मंजूर झालेले व्यवहार एका वहीत, बँकेच्या प्रणालीने मंजूर केलेले दुसऱ्या वहीत, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा पाठवला होता की जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी मोठी लूट होण्याची चिन्हे आहेत. असा इशारा वाचणारा आणि त्यावरून आपल्या यंत्रणेत नेमके कुठे बघायचे हे कळणारा माणूस दुसऱ्या शनिवारीही खुर्चीवर हवा, तरच त्या इशाऱ्याचा उपयोग.

सायबरसुरक्षेच्या मनुष्यबळाचा प्रश्न हा मुख्यतः त्या खुर्चीचा प्रश्न आहे. चित्रपटांनी या क्षेत्राची एक प्रतिमा करून ठेवली आहे: अंधाऱ्या खोलीत बसलेला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणारा एकांडा हुशार मुलगा. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांच्या मनातही बहुधा तीच असते. प्रत्यक्षात या क्षेत्रातली बहुतेक कामे पाळीची, नोंदींची आणि पाठपुराव्याची आहेत. सुरक्षा निरीक्षण केंद्रात, ज्याला या व्यवसायात सगळे ‘सॉक’ म्हणतात, पहिल्या पायरीवरची माणसे आठ-आठ तासांच्या पाळ्यांत इशाऱ्यांची रांग बघतात. कोणता इशारा खोटा, कोणता वरच्या पायरीकडे धाडायचा, हे ती ठरवतात. दुसऱ्या पायरीवरचे लोक त्याचा माग काढतात. याशिवाय संस्थेच्या परवानगीने तिच्याच यंत्रणेतली छिद्रे शोधणारे असतात, संगणक-आज्ञावली लिहिताना चुका पकडणारे असतात, घटना घडून गेल्यावर डिस्कवरून पुरावा जपून उचलणारे न्यायवैद्यक तज्ज्ञ असतात, आणि रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्या संस्थेत उतरला की नाही हे कागदोपत्री तपासणारेही असतात. अमेरिकेच्या ‘नाइस’ या आराखड्याने २०१७ मध्ये अशा ५२ भूमिका मोजल्या आणि प्रत्येकीला लागणारे ज्ञान व कौशल्य वेगवेगळे लिहून काढले. त्या यादीचा मोठा उपयोग हा की ‘सायबर तज्ज्ञ’ असा एकच साचा नसतो, हे ती स्पष्ट करते. ज्याला आज्ञावली लिहिण्यात गोडी नाही पण कायद्याचा मसुदा बारकाईने वाचता येतो, त्यालाही इथे पूर्ण आयुष्याचे काम आहे.

भारतात या मागणीचा पहिला मोठा आकडा २ जुलै २०१३ च्या राष्ट्रीय सायबरसुरक्षा धोरणात आला. पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित माणसे तयार करण्याचे उद्दिष्ट त्यात लिहिले होते. ती पाच वर्षे जुलै २०१८ मध्ये संपली, आणि कॉसमॉसची घटना पुढच्याच महिन्यात घडली. त्यानंतर मागणी वाढली ती प्रामुख्याने नियमांमुळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबरसुरक्षेची किमान चौकट जाहीर केली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला चार पातळ्यांची रचना दिली. ज्या बँकेचा स्वतःचा एटीएम स्विच आणि स्विफ्ट जोडणी दोन्ही आहे, तिच्यावर स्वतंत्र निरीक्षण केंद्राची जबाबदारी आली. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने सगळ्याच संस्थांना बांधून घेतले: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, सगळ्या यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती सांभाळण्यातल्या कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. सहा तासांत घटना कळवायची तर ती सहा तासांत ओळखणारा कोणीतरी लागतो. नियमाच्या प्रत्येक कलमामागे अशी एक जागा उभी राहते.

ही जागा फक्त बँकेत नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक संगणक-आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, तेव्हा न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम थांबले आणि कंटेनर हाताने नोंदी करून हलवण्याची वेळ आली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीखोर हल्ला झाला. पुढचे सुमारे दोन आठवडे केसपेपर, तपासण्या, भरती सारे हातांनी लिहावे लागले. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर असाच हल्ला झाला, आणि राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला जाळ्यातून तात्पुरते तोडल्यावर जवळपास ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएम अडले. जिल्हा रुग्णालय, नगरपालिका, साखर कारखाना, दूध संघ, विद्यापीठाचा परीक्षा विभाग या सगळ्यांकडे आता सर्व्हर आहे. तो सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकटाच असतो, आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही त्यालाच काढावा लागतो.

जागतिक पातळीवर तुटवड्याचा जो आकडा नेहमी सांगितला जातो तो आयएससी-टू या व्यावसायिक संघटनेचा आहे. तिच्या २०२४ च्या पाहणीनुसार जगात सुमारे ५५ लाख माणसे या क्षेत्रात काम करतात आणि आणखी ४८ लाखांची कमतरता आहे. हा आकडा जाहिरातीत वापरून वर्गखोल्या भरल्या जातात, म्हणून त्याचा अर्थ नीट कळायला हवा. ४८ लाख ही रिकाम्या पदांची संख्या नाही. संस्था पुरेशा सुरक्षित राहायच्या तर किती माणसे लागतील, याचा तो अंदाज आहे. त्या माणसांना पगार द्यायला संस्थेने पैसे बाजूला काढलेच आहेत असे त्यातून निघत नाही. त्याच पाहणीत माणसे न भरण्याचे कारण म्हणून अपुरे अंदाजपत्रक ठळकपणे पुढे आले होते. दुसरे असे की तुटवडा आहे तो अनुभवी माणसांचा. ‘सीआयएसएसपी’ या नावाजलेल्या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवीमुळे त्यात फार तर एक वर्षाची सूट मिळते. तरीही पहिल्या पायरीच्या जागेसाठी असले प्रमाणपत्र किंवा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती सर्रास दिसतात. परिणामी एकीकडे माणसे मिळत नाहीत अशी कंपन्यांची तक्रार, दुसरीकडे ‘फ्रेशर’ म्हणून दारोदार हिंडणारी मुले. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, या कोंडीत पदवीनंतरची पहिली दोन वर्षे वाया जातात. ही कोंडी फोडण्याची सर्वांत योग्य जागा महाविद्यालय आहे, कारण पहिली पाळी पदवी हातात येण्याआधीच, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करवून घेणे त्यालाच शक्य आहे.

अभ्यासक्रम नाहीत अशी आता स्थिती नाही. माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती हा केंद्र सरकारचा प्रकल्प २००५ पासून चालू आहे आणि त्यातून अनेक संस्थांत पदव्युत्तर अभ्यासक्रम उभे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर पातळीसाठी सायबरसुरक्षेचा आराखडा दिला, तोही सर्व शाखांसाठी. अभियांत्रिकीच्या १६० श्रेयांकांवर १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून सायबरसुरक्षेत ‘ऑनर्स’ किंवा ‘मायनर’ घेण्याची सोय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने केली आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ती उचलली. पुण्यात गिरिनगरच्या संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेत या विषयाचे एमटेक आहे. गोव्यात फोंड्याजवळ राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे संकुल आहे. नावे आणि श्रेयांक भरपूर आहेत. अडचण प्रयोगशाळेत गेल्यावर कळते.

माहिती सुरक्षेचे जर्नल उघडावे. बहुतेक ठिकाणी पहिले प्रात्यक्षिक सीझरच्या सांकेतिक लिपीचे असते, मग डीईएस, एईएस, आरएसए, डिफी-हेलमन. प्रत्येकाचा कार्यक्रम पायथन किंवा जावात लिहायचा, निकालाची छापील प्रत चिकटवायची, सही घ्यायची. सबमिशनच्या आठवड्यात आधीच्या वर्षाची फाइल हातोहात फिरते आणि ओरलला एक्स्टर्नल विचारतात, ‘आरएसएमध्ये दोन किल्ल्या का?’ यातले गणित सुंदर आहे आणि ते शिकवलेच पाहिजे. पण सॉकमध्ये बसलेल्या माणसाला वर्षानुवर्षे आरएसए लिहावे लागत नाही. त्याच्यापुढे असतात नोंदी, आणि पदवीच्या सगळ्या वर्षांत नोंदींची एक अख्खी फाइल शांतपणे वाचल्याचा प्रसंग कित्येक विद्यार्थ्यांच्या वाट्याला एकदाही येत नाही.

असा एक पाठ कसा घेता येतो ते जवळून पाहू. विद्यार्थ्यापुढे एका लिनक्स सर्व्हरच्या एका रात्रीच्या प्रवेशनोंदी ठेवायच्या. काही हजार ओळी. बहुतेक निरुपद्रवी. २१ वाजून ९ मिनिटांपासून एका अनोळखी पत्त्यावरून ‘ॲडमिन’ या नावाने चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न सुरू होतात, एका मिनिटात पन्नासेक. २१ वाजून १३ मिनिटांनी एक ओळ वेगळी येते: पासवर्ड स्वीकारला. पहिला विद्यार्थी लगेच सांगतो, रात्री सव्वानऊला कोणीतरी आत शिरले. मग त्याच्यापुढे इमारतीच्या पहारेकऱ्याची वही ठेवायची. सव्वानऊला दोन कर्मचारी अजून ऑफिसात होते, म्हणजे कदाचित त्यांच्यापैकीच कोणी पासवर्ड विसरले असेल. वर्ग निर्धास्त होतो. मागच्या बाकावरची एखादी मुलगी मात्र पुन्हा ओळीकडे बघते आणि विचारते, सर्व्हरचे घड्याळ कुठल्या वेळेवर आहे? सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. त्यात साडेपाच तास मिळवले की २१:१३ चे दुसऱ्या दिवशीचे पहाटे २:४३ होतात. त्या वेळी इमारतीत कोणी नव्हते. घड्याळे जुळवण्याचा सर्ट-इनचा नियम कशासाठी आहे हे त्या एका क्षणात जितके पक्के कळते, तितके व्याख्येतून कळत नाही.

पाठ इथे संपत नाही. आत शिरल्यावर काय केले? नवे खाते उघडले का? ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत काही घुसडले का? बाहेर कुठल्या पत्त्याशी बोलणे सुरू झाले? आणि कळीचा प्रश्न: आता फोन कोणाला करायचा? रात्री पावणेतीनला व्यवस्थापकाला उठवायचे की सकाळची वाट बघायची? सर्व्हर बंद केला तर पुरावा जाईल, चालू ठेवला तर नुकसान वाढेल. शेवटी विद्यार्थ्याने पाच ओळींची टीप लिहायची: काय दिसले, केव्हा, कुठून, काय केले, आणि काय अजून माहीत नाही. पाचवी ओळ लिहायला विद्यार्थी सर्वांत जास्त कचरतात, कारण परीक्षेने त्यांना ‘माहीत नाही’ लिहायची सवयच लावलेली नसते. या कामात मात्र ती ओळ सोडलेली टीप धोकादायक असते.

अशा प्रयोगशाळेला फार पैसा लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स, वायरशार्क, काली लिनक्स आणि नोंदी एकत्र करून इशारे देणारे वाझू ही सारी साधने फुकट मिळतात. मुद्दाम छिद्रे ठेवलेली ‘मेटास्प्लॉइटेबल’सारखी सराव-यंत्रेही तशीच. लागतात ते सोळा जीबी मेमरीचे संगणक आणि महाविद्यालयाच्या जाळ्यापासून तोडलेले एक वेगळे जाळे. चार जीबीच्या जुन्या संगणकांवर दोन आभासी यंत्रे एकदम उघडली की तास संपेपर्यंत ती उघडतच राहतात, आणि मग शिक्षक नाइलाजाने फळ्यावर आकृती काढतात.

साधनांच्या मोहाचाही एक धोका आहे. विद्यार्थी पहिल्याच वर्षी काली लिनक्स उतरवतात, चित्रफितीत पाहून आज्ञा टंकतात आणि एखादे सराव-यंत्र ‘फोडल्या’चा आनंद घेतात. तो आनंद खोटा नाही, त्यातूनच गोडी लागते. पण टीसीपीची जोडणी कशी सुरू होते, डीएनएस कशाला म्हणतात, लिनक्समध्ये फाइलीच्या परवानग्या कशा वाचायच्या, डेटाबेसला प्रश्न कसा विचारला जातो, हे पक्के नसेल तर साधन बदलले की माणूस अडतो. ओडब्ल्यूएएसपी या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेब-प्रणालींतला पहिल्या क्रमांकाचा दोष ठरला तो प्रवेशाधिकाराची नीट तपासणी नसणे. म्हणजे पत्त्यातला खातेक्रमांक एकाने वाढवला की दुसऱ्याची पावती दिसणे. हा दोष शोधायला महागडे साधन लागत नाही. प्रणाली कशी बांधतात हे माहीत असावे लागते. म्हणून या शाखेचा पाया नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोग्रामिंग हाच राहिला पाहिजे. पहिल्या वर्षापासून ‘सायबर’ नाव लावण्यासाठी हे विषय आखूड करणाऱ्या पदव्या विद्यार्थ्याचे नुकसान करतात.

कौशल्य कुठून येते याचे पुण्यातलेच एक उदाहरण बोलके आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडत. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी त्यांवर उपाय म्हणून आज्ञावली लिहिली, आणि १९९०च्या दशकात त्यातून क्विक हील उभे राहिले. दुरुस्तीच्या टेबलावर रोज नवा रोगी येत होता आणि शेजारी त्याचे शास्त्र जाणणारा माणूस बसला होता. महाविद्यालयाला नेमका हाच संयोग घडवायचा आहे, आणि तो घडवणारा शिक्षक हा आजच्या घडीचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

ज्याला सॉकचा पाच वर्षांचा अनुभव आहे त्याला कंपनीत मिळणारा पगार विनाअनुदानित महाविद्यालय देऊ शकत नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण प्राध्यापकाकडे एमई असते, पण खऱ्या घटनेचा माग काढण्याची संधी त्याला कधी मिळालेली नसते, आणि तो दोष त्याचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली: पदवीच्या अटीशिवाय व्यवसायातले लोक, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, तीन वर्षांसाठी. पाऊल चांगले आहे, पण त्यात अपेक्षा आहे पंधरा वर्षांच्या अनुभवाची. या क्षेत्रात पंधरा वर्षे झालेला माणूस बहुधा बैठकांत असतो. पहिल्या पायरीचे काम हातांत ताजे असते ते चार-पाच वर्षे झालेल्यांच्या. त्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायला बोलवता येईल इतका सैलपणा नियमात यायला हवा. उलट बाजूनेही रस्ता हवा: प्राध्यापकाला दर उन्हाळ्यात सहा आठवडे एखाद्या निरीक्षण केंद्रात बसण्याची पगारी मुभा.

गहन सरावाने काय साधते हे सी-डॅकच्या पदविकेवरून दिसते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेची माहिती-तंत्रज्ञान पायाभूत सुविधा, प्रणाली व सुरक्षा या विषयाची पदव्युत्तर पदविका सुमारे सहा महिन्यांत ९०० तास घेते. दिवसभर वर्ग, संध्याकाळी प्रयोगशाळा, शेवटी प्रकल्प. चार वर्षांच्या पदवीत जे जमले नाही ते सहा महिन्यांत जमते, याचा अर्थ पदवीत वेळेचा तुटवडा नसून रचनेचा आहे. मात्र ही पदविका पदवीनंतरची असते. तिचा खर्च आणि शहरात राहण्याचा खर्च प्रत्येक घराला झेपत नाही. जे तिथे शिकवले जाते त्यातला मोठा भाग जिल्ह्याच्या महाविद्यालयात तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी शिकवता येण्याजोगा आहे.

वैद्यकीय शिक्षणाने हा प्रश्न फार आधी सोडवला. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले असते. विद्यार्थी खऱ्या रोग्याच्या खाटेशेजारी उभा राहतो, पण औषध लिहून देतात ते वरिष्ठ. सायबरसुरक्षेत असे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्कलीत २०१८ मध्ये ‘सिटिझन क्लिनिक’ सुरू केले. तिथले विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली स्वयंसेवी संस्थांच्या सुरक्षेचे काम करतात. २०२१ मध्ये अशा दवाखान्यांचा एक संघही उभा राहिला. महाराष्ट्रात याला जोडण्याजोगे ‘रुग्णालय’ आधीच आहे. देशातल्या सुमारे १,५०० नागरी सहकारी बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या राज्यात आहेत. सांगली, सोलापूर, जळगाव, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत त्यांची मुख्यालये आहेत, आणि त्याच शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत खालच्या पातळ्यांवर येणाऱ्या लहान बँकेला स्वतंत्र निरीक्षण केंद्र परवडत नाही. नागरी बँकांना सामायिक तंत्रसेवा देण्यासाठी मार्च २०२४ मध्ये एक राष्ट्रीय शिखर संस्था सुरू झाली आहे. तिने तंत्र पुरवावे आणि स्थानिक महाविद्यालयाने प्रशिक्षित डोळे पुरवावेत, अशी वाटणी होऊ शकते.

यात पथ्ये कडक हवीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे, हेतू चांगला असला तरी, बेकायदा आहे. लबाडीने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पहिल्याच तासाला शिकवले पाहिजे, कारण अठरा वर्षांच्या मुलाला परवानगीची सीमा आपोआप कळत नाही. एका फुकटच्या साधनाने महाविद्यालयाच्याच संकेतस्थळावर ‘सराव’ करून अडचणीत येणारी मुले बहुधा हुशारच असतात. त्यांची ऊर्जा झेंडा पकडण्याच्या, म्हणजे सीटीएफ स्पर्धांकडे वळवता येते. केरळमध्ये अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या ‘बायोस’ गटाने या स्पर्धांत अनेक वर्षे देशात आघाडी राखली आहे, आणि तिथे वरच्या वर्गातली मुले खालच्या वर्गाला शिकवतात. बँकेशी जोडलेल्या केंद्रात विद्यार्थ्याला खातेदाराचे नाव किंवा शिल्लक दिसता कामा नये. नोंदी ओळख पुसूनच याव्यात, गुप्ततेचा लेखी करार असावा, आणि विद्यार्थ्याने फक्त बघावे व कळवावे. यंत्रणेला हात लावण्याचा अधिकार बँकेच्या माणसाचाच.

विद्यार्थ्याने कळवायचे ते कोणत्या भाषेत, हाही प्रश्न छोटा नाही. सर्ट-इनला अहवाल इंग्रजीत जाईल. पण शनिवारी दुपारी शाखाधिकाऱ्याला फोनवर जे सांगायचे ते मराठीत, त्याला कळेल असे आणि घबराट न पसरवता सांगता आले पाहिजे. ‘तुमच्या एटीएम स्विचवरून मंजूर झालेले व्यवहार आणि तुमच्या प्रणालीतले व्यवहार यांत गेल्या अर्ध्या तासात तफावत आहे, कृपया स्विच पुरवठादाराला आत्ता फोन करा.’ असे स्पष्ट वाक्य बोलण्याचा सराव प्रात्यक्षिकाच्या गुणांत धरला पाहिजे. तंत्रनिकेतनातून आलेली, मराठी माध्यमातली मुले इथे मागे पडण्याचे कारण नाही. फोनच्या पलीकडच्या माणसाची भाषा त्यांच्याच घरची आहे.

उरतो वेळापत्रकाचा प्रश्न. निरीक्षणाला सुट्टी नसते आणि महाविद्यालयाला असते: दिवाळी, परीक्षेआधीची तयारीची रजा, दोन सत्रांमधली मोकळीक. हल्लेखोर हेच दिवस हेरतात. म्हणून अशा केंद्राचा कणा दोन-तीन कायम पगारी देखरेखकांचा असावा आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्या एकमेकींवर चढत्या ठेवाव्यात. चौथ्या वर्षाची तुकडी बाहेर पडण्याआधी एक पूर्ण सत्र तिसऱ्या वर्षाच्या तुकडीने तिच्या शेजारी बसावे. रात्रपाळी विद्यार्थ्यांना देऊ नये. ती देखरेखकांनी आणि शिखर संस्थेच्या केंद्राने सांभाळावी. दिवसाच्या पाळ्या चार तासांच्या ठेवाव्यात, म्हणजे मुलींच्या घरून येणारी हरकतही बरीचशी मिटते. पाळी बदलताना आधीच्याने हस्तांतराच्या वहीत उघडी राहिलेली प्रकरणे लिहावीत आणि पुढच्याने वाचून सही करावी. त्या सह्या हीच प्रात्यक्षिकाची हजेरी धरावी, आणि सत्राच्या शेवटी एक्स्टर्नलने जर्नलऐवजी तीच वही मागवावी. वर्षाच्या सुरुवातीला पाळ्यांचे पत्रक लावताना सर्वांत आधी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या दुपारी भराव्यात.